अठरा वासे, एक आढं

३ फेब्रुवारी

ठकी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. आई ठणठणीत आहे आणि मी तिच्याहून ठणठणीत आहे. अकरा वर्षांतलं पहिलं पत्र, तेही बापाचं, म्हणजे काहीतरी विपरीत असणार असं तुझ्या मनात आलं असेल. तसं काही नाही. विषय लाकडाचा आहे.

आपलं गॅरेज आठवतं ना? गाडी मी गेल्या वर्षी विकली. का विकली ते विचारत बसू नकोस, जुनी झाली होती. तेव्हापासून तिथे रिकाम्या कुंड्या, एक मोडकी खुर्ची आणि तुझी सायकल असा संसार होता. महिन्यापूर्वी वाऱ्याने छपराचे दोन पत्रे उडाले. त्यातला एक शेजारच्या मास्तरांच्या भाजीच्या वाफ्यात जाऊन पडला. मी शिडी घेऊन निघालो तर आई म्हणाली, "अहो, नका ठोकू ते परत. तिथे मला एक खोली करून द्या. बागेत बसायची."

बेचाळीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. आणि मी हो म्हटलं की ते झालंच, हे तुला सांगायला नको.

मास्तर (तू गेल्यावर राहायला आले, गणित शिकवायचे, आता मला शिकवतात) म्हणाले, "लोखंडी पाइप टाका, वर पत्रा, चार दिवसांत मोकळे व्हाल." मी म्हटलं, मास्तर, चाळीस वर्षं या गावाची छपरं माझ्या वखारीतल्या लाकडावर उभी राहिली. आता माझ्या बायकोच्या डोक्यावर लोखंड घातलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.

तर असं ठरलंय. कौलारू छप्पर, दोन उतार, मधोमध आढं. खोली सोळा बाय अकरा. दोन-दोन फुटांवर वासे, या बाजूला नऊ, त्या बाजूला नऊ, प्रत्येक आठ फुटी. आढं एकच, अठरा फुटी, दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर टेकवलेलं. सगळं जुनं सागवान. नवीन लाकूड मी घेणार नाही. नवीन लाकूड म्हणजे नवा जावई, कुठे वाकेल ते वर्षभर कळत नाही. काम सुतारमामाच करणार. तुझा झोपाळा केला होता तेच. गुडघे गेलेत त्यांचे, पण हात जागेवर आहेत.

तुला कळवायचं कारण एवढंच की हल्ली तूही छपरांचंच काम करतेस असं आई सांगते. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. लाकडाच्या गोष्टी फोनवर होत नाहीत.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

बाबा


२१ फेब्रुवारी

ठकी,

अठरा वासे मिळाले! आणि कसे मिळाले ते ऐक.

गावाबाहेर जुन्या लाकडाचा एक अड्डा आहे. पाडलेल्या इमारतींची दारं, खिडक्या, तुळया, सगळं तिथे येऊन पडतं. एका जुन्या शाळेचं छप्पर नुकतंच उतरवलं होतं, साठ-सत्तर वर्षं वाळलेलं सागवान. अड्डेवाला म्हणाला, "काका, वरचे अठरा उचला आणि जा, सगळे सारखेच आहेत." सारखेच! एका आईची लेकरं सारखी नसतात, आणि हा मला लाकडाचं सांगतो.

मी चोपन्न वासे खाली उतरवायला लावले. आधी डोळा: एका टोकाला बसून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकायची, वाक कळतो. मग गाठी. मग खिळ्यांची भोकं, ती ओळीने असली तर तिथून चीर जाते. मग वजन. आणि शेवटी खिळा.

खिळा तू विसरली नसशील. एकाने लाकडाच्या एका टोकाला कान लावायचा, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला खिळ्याने हलकेच तीनदा ओरखडायचं. लाकूड आरपार निरोगी असेल तर ते खर्र खर्र अगदी कानाशी येतं. मध्ये कुठे कूज असेल, पोकळी असेल, तर येत नाही. वखारीत मी खिळा धरायचो आणि तू कान लावायचीस. पाच वर्षांची होतीस, ओंडक्याला गाल चिकटवून डोळे मिटून बसायचीस. ऐकू आलं की उजवा हात वर. हमाल म्हणायचे, मालकांची ठकी आली, लाकडाची बाहुली लाकडाशी बोलते. तेव्हापासून तुझं नाव ते पडलं.

या वेळी आई बरोबर होती. घरी कंटाळते, म्हटलं चल. ती त्या टोकाला उभी, मी या टोकाला. चोपन्नमधून अठरा निघाले. प्रत्येकावर आईने खडूने बरोबरची खूण केली. तीन तास लागले. अड्डेवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्यासारखा कान आता गावात राहिला नाही."

मी मान डोलावली. आईने माझ्याकडे बघितलं.

वखारीचं काय म्हणून आईला विचारत असतेस म्हणे. तुझ्या चुलतभावाने तिथे अॅल्युमिनियमच्या खिडक्या मांडल्यात आणि गिऱ्हाइकांना सांगतो की लाकूड सडतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. जास्त काही मला बोलायचं नाही.

आता फक्त आढं राहिलं. ते मी निवडणार.

बाबा


७ मार्च

ठकी,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. वर मायना नाही, खाली सही नाही. "आढं पाच बाय दहा इंचांपेक्षा कमी घेऊ नका. टोकं भिंतीत चिणू नका, भोवती वारा खेळू द्या. वाशांना आढ्यावर खाच किती खोल ते सुताराला विचारून कळवा. कौलं भिजल्यावरचं वजन धरा."

मी ते सुतारमामांना वाचून दाखवलं. मास्तरांना वाचायला दिलं. दूध घालायला आलेल्या बाईंनाही दाखवलं, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "छान आहे अक्षर." ते आता स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय. कौलं भिजल्यावरचं वजन! मी चाळीस वर्षं लाकूड विकलं, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आढं आणलं. पाच बाय दहा, साडेअठरा फूट. एका जुन्या गिरणीतलं. काय लाकूड आहे! मधासारखा रंग, एक गाठ नाही, एक वाक नाही. मी एकटाच गेलो होतो. ठोकून बघितलं, उत्तम वाटलं. सहा माणसांनी उचलून आणलं, रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी पुढे चाललो होतो, आणि खोटं कशाला बोलू, वरात माझीच असल्यासारखा चाललो होतो.

घरी आल्यावर आईने, कुणी सांगितलं नसताना, त्याला कान लावला. सुतारमामांना म्हणाली, जरा खिळा ओढा. मग उठून मला म्हणाली, "अहो, हे मुकं आहे."

चारचौघांत म्हणाली. मीही मग म्हटलं, "बेचाळीस वर्षं मी लाकूड निवडलं आणि तू भाजी निवडलीस. ज्याने त्याने आपापलं बघावं."

तिने अबोला धरलाय. आज तिसरा दिवस. पोळ्या करते, ताट वाढते, आणि समोरच्या भिंतीशी बोलावं तसं "मीठ हवंय का" विचारते. होईल चार दिवसांत ठीक. सोमवारी मामा आढ्याची टोकं कापून सारखी करतील. पंचवीस तारखेला चढवायचं.

मी बरोबर आहे. हे तुलाही पटेल.

बाबा


१४ मार्च

ठकी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. तीन फाडली.

सोमवारी मामांनी करवत लावली. टोकापासून वीतभर आत. पहिल्यांदा नेहमीचा भुसा पडला, लालसर. मग करवत एकदम सैल गेली, आणि आतून पीठ सांडायला लागलं. पांढुरकं, मऊ. मामा थांबले. तुकडा गळून पडला तेव्हा आतलं सगळं दिसलं. वाळवीने आतून खाऊन जाळी केली होती. बाहेर मधाचा रंग आणि आत काही नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही, करवत पुसत बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी सांगितलं होतं" असं म्हणायचा पूर्ण हक्क होता तिला. ती म्हणाली, "चहा टाकते." अबोल्यानंतरचा पहिला धड शब्द.

आता लिहितो.

मला ऐकू येत नाही, ठकी. डावा कान पुरता गेलाय. उजव्याला समोरच्याचं तोंड दिसत असेल तर येतं थोडं. गाडी जुनी झाली म्हणून विकली नाही. मागून ट्रक हॉर्न देत होता, माणसं ओरडत होती, आणि मी आपला मजेत चाललो होतो. ट्रकवाला खाली उतरून माझ्या खिडकीशी आला तेव्हा कळलं. त्या अड्ड्यावर अठराही वासे आईने ऐकले. मी फक्त खिळा ओढत होतो आणि तिचा हात वर जातो का बघत होतो. कान तीच लावतेय हे दिसत असूनही अड्डेवाल्याने कौतुक केलं ते माझ्या कानाचं, आणि मी ते खिशात घातलं.

आणि ती कशी ऐकते म्हणून सांगू! छत्तिसावा वासा मी चांगला म्हणून बाजूला काढला होता, तिने परत पाठवला. अड्डेवाल्याने पैजेवर तो मधून चिरला. मुठीएवढी कूज निघाली. बेचाळीस वर्षं हा कान माझ्या घरात होता आणि मी त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावल्या.

आता त्याहून जुनं. अकरा वर्षांपूर्वी त्या सभागृहाच्या तुळईला तू कान लावलास आणि गिऱ्हाइकासमोर म्हणालीस, "बाबा, ही मुकी आहे, देऊ नका." मी म्हणालो, वखार म्हणजे बाहुल्यांचा खेळ नाही. त्याच संध्याकाळी वखार तुझ्या चुलतभावाकडे देतोय असं सगळ्यांसमोर जाहीर केलं. दोन वर्षं तू तिथे राबत होतीस, वखार तुला हवी आहे हे मला माहीत होतं. तरी केलं. तिसऱ्या दिवशी बॅग उचलताना तू दारात म्हणालीस, "पोकळ वाशाचा आवाज मोठा." मी अकरा वर्षं ते उद्धटपणाच्या खात्यात घालून ठेवलं.

ती तुळई दोन महिन्यांत परत आली. मधोमध खचली होती, नशीब की हॉल रिकामा होता. मी गुपचूप दुसरी पाठवली आणि ती घराच्या मागच्या भिंतीला उभी करून वर गोणपाट टाकलं. तुला कळवलं नाही. आईलाही सांगितलं नाही. तेव्हाच माझा कान जायला लागला होता, आणि ते मला कळत होतं. कान गेलेल्या माणसाला वखारीत कोण विचारतो, या भीतीने मी तुझा कान खोटा ठरवला.

मोडेन पण वाकणार नाही हे लाकडाचं वाईट लक्षण, हे मीच तुला शिकवलं होतं ना? तर बघ.

आढं पुन्हा आणावं लागेल. दोन नग बाजूला ठेवायला सांगितलेत, दोन्ही अठरा फुटी. आई म्हणते तिने आठ फुटांचं ऐकलं, मुकं आढंही ओळखलं, पण अठरा फुटी लाकूड चांगलं आहे असं छातीठोक सांगायचा तिला स्वतःवर भरवसा नाही. तिच्या डोक्यावर ते लाकूड येणार आहे. माझ्या भरवशावर मी ते चढवणार नाही. वासे भिंतीला टेकवून उभे आहेत, काम थांबवलंय.

येशील का? मी बोलवायच्या लायकीचा नाही, तर आईच्या छपरासाठी ये.

बाबा


१६ मार्च

ठकी,

परवाच्या पत्रात एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती. पोस्टातून घरी येईपर्यंत ती टोचत राहिली, म्हणून हे.

चार वर्षांपूर्वी, माझ्या सत्तरीच्या दिवशी, तू फोन केलास आणि आईला म्हणालीस, बाबांना दे. सात वर्षांत पहिल्यांदा. मी फोन कानाला लावला. तू बराच वेळ बोललीस. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसती घरघर. आणि ऐकू येत नाही असं म्हणायची मला लाज वाटली, म्हणून तू थांबलीस असं वाटल्यावर मी म्हणालो, "बरं, ठीक आहे," आणि फोन आईकडे दिला.

रात्री जेवताना आईने सांगितलं तू काय म्हणाली होतीस ते. त्यावर मी "बरं, ठीक आहे" म्हणालो होतो. तेव्हापासून तू मला कधी फोनवर बोलावलं नाहीस, आणि त्यात तुझी काही चूक नाही.

बाबा


१२ एप्रिल

ठकी,

तू परत पोचल्याचं आईला कळवलंस, बरं झालं. ती मला ओरडून सांगते, मास्तरांना वाटतं आमचं भांडण चालू आहे.

दोन दिवस राहिलीस आणि दोन्ही दिवस आपण लाकडाशिवाय कशावर बोललो नाही. मी विषय काढायला गेलो की तू टेप काढायचीस. कुणावर गेलीस ते वेगळं सांगायला नको. म्हणून राहिलेलं लिहितोय.

रिक्षातून उतरलीस, आईच्या गळ्यात पडलीस, माझ्याकडे बघून "कुठे आहेत?" म्हणालीस. चहासुद्धा घेतला नाहीस. दोन्ही आढी मामांच्या लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. तुझ्या बॅगेत ते आवाज मोजायचं यंत्र होतं, पण तू आधी गुडघ्यांवर बसलीस आणि लाकडाला गाल लावलास. डोळे मिटलेस. केसांत पांढरे आलेत तुझ्या, ते मी त्या टोकाहून बघितले. मी खिळा ओढला. तीनदा.

तू तशीच बसून राहिलीस.

दुसऱ्याला ओढला. तीनदा. तुझा उजवा हात वर गेला.

मला काही ऐकू आलं नाही. पण हात दिसला, आणि मला रडू आलं. मामांनी डोळ्यांत भुसा गेला का विचारलं. त्या दिवशी करवत सुरूसुद्धा झाली नव्हती. मी हो म्हटलं.

मग तुला पारखावं म्हणून मी खिळा नुसता टेकवला, ओढलाच नाही. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बाबा, नीट ओढा, खेळू नका," हे मला आईने नंतर सांगितलं. मग यंत्र लावलंस, दोन्ही टोकांना तारा, पडद्यावर आकडे. आकडेही तेच म्हणाले. आणि आई म्हणाली, "मी कालच या लाकडाच्या पोटाला खूण करून ठेवलीये." उलटं करून बघितलं तर खरंच खडूची खूण होती! तू तिला मिठी मारलीस. मी खिळा हातात घेऊन दोघींकडे बघत उभा होतो. माझ्या घरातल्या दोन बायका गावातल्या कुठल्याही वखारवाल्याच्या दहापट आहेत, आणि हे मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय.

आढं चढवताना तू भिंतीवर उभी होतीस, एक पाय इकडे, एक तिकडे. "मामा, सावकाश. डावीकडे बोटभर. थांबा." सहा बाप्ये तुझ्या शब्दावर थांबत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने मला विचारलं, वर कोण आहे? मी म्हटलं, माझी मुलगी. जुन्या इमारतींची छपरं तपासतात ना, त्या सगळ्या विभागाची प्रमुख आहे. त्याने विचारलं नव्हतं तरी तुझ्या हाताखाली किती माणसं आहेत तेही सांगितलं. तो सोडवून घेऊन गेला बिचारा.

तू गेल्यावर दहा-बारा दिवसांत खोली पुरी झाली. कौलं बसली, खिडक्या लागल्या. मामा वाशांना रंधा मारून खडूच्या खुणा काढणार होते, आईने काढू दिल्या नाहीत. आता ती दुपारी आरामखुर्चीत पडून वर बघते. अठरा वाशांवर तिच्या अठरा खुणा. आढ्यावर दोन, एक तिची, एक तुझी. माझी त्या छपरावर कुठेही नाही. मी इतकी छपरं उभी केली, पण इतकं भक्कम एकही नव्हतं, म्हणून मीही तिच्या शेजारी स्टूल टाकून वर बघत बसतो. गोणपाटाखालची ती जुनी तुळई मामांकडून कापून घेतली. तिचा चांगला निघाला तेवढ्याचा दाराचा उंबरा केलाय. उरलेलं जाळलं.

कानाच्या मशीनसाठी तू आईबरोबर ठरवून गेलीस त्याप्रमाणे बुधवारी जातोय. कुरकुर करत जातोय, पण जातोय.

आता एकच. सत्तरीच्या दिवशी तू विभागाची प्रमुख झाल्याचं फोनवर सांगितलंस ते मला माहीत आहे, आईने सांगितलंय, मास्तरांपासून दूधवाल्या बाईंपर्यंत मी ते सगळ्यांना ऐकवलंय. पण तुझ्या तोंडून ते मी ऐकलेलंच नाही. मशीन बसलं तरी फोनचा मला भरवसा नाही. तेव्हा एकदा लिहून पाठव. तुझ्या अक्षरात, त्या दिवशी म्हणाली होतीस तसंच, "बाबा" पासून सुरुवात करून. मी ते आईच्या खोलीत बसून वाचेन. आणि मग चार वर्षांपूर्वी जे म्हणायला हवं होतं ते म्हणेन. तुला तिकडे ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणेन.

तुझाच,
बाबा